डाव्या कानातली मिल

उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये व्यंकटने सत्तावीस वर्षं रोल चालवला. रोल म्हणजे तुरीची साल घासून काढणारं आडवं लोखंडी पिंप. ते फिरायला लागलं की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. व्यंकट त्या रोलकडे डावा कान करून उभा राहायचा. आत तूर नीट घासली जातेय की तिचा चुरा होतोय, हे त्याला आवाजावरून कळायचं. चुरा व्हायला लागला की सगळ्या धडधडाटाच्या मागून एक बारीक करकर यायची, कुणी फुटाणे चावत असल्यासारखी. ती बाकी कुणाला ऐकू यायची नाही. व्यंकट हात वर करायचा, मशीन थांबायचं, मूठभर माल बाहेर काढला की खरंच त्यात कणी पडलेली असायची. मालक पाहुण्यांना मिल दाखवताना म्हणायचा, "हा रोल, ही चाळणी, आन् हे आमचे कान."

मालकाने कानात घालायला रबरी बोंडं आणून दिली होती. व्यंकटने ती खुंटीला अडकवून ठेवली. कान बुजवल्यावर काम कशाने करायचं?

पुढे मिलमध्ये नवं मशीन आलं. ते काचेच्या डोळ्याने एकेक दाणा बघायचं आणि खराब दाणा फुंकर मारून उडवून द्यायचं. त्याला कानाची गरज नव्हती. व्यंकट तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. मालकाने शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि व्यंकट घरी आला.

पहिल्याच दुपारी जेवण झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "राजकन्या, मिक्सर चालू राहिलाय का गं?"

"न्हाई."

"मग हे काय वाजायलंय?"

"कुठं काय वाजायलंय? सगळं सामसूम हाय."

सगळं सामसूम होतं, हीच तर अडचण होती. मिल सुटली, पण रोल व्यंकटच्या डाव्या कानात येऊन बसला होता. घूंऽऽ. न थांबता, न चढता, न उतरता. माणसं बोलत असली की तो मागे सरायचा. घर शांत झालं की पुढे यायचा. मग व्यंकटने टीव्ही लावला. बातम्यांचं चॅनेल बरं, तिथे लोक कधी दमतच नाहीत. टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत चालायचा, आणि झोपताना उशाशी रेडिओ. अशी दोन वर्षं गेली. राजकन्येला ओरडून बोलायची सवय झाली. गल्लीतले लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, "जिथं बातम्या ऐकू येतेत, त्येच घर."

आणि मग करिश्मा बाळंतपणाला माहेरी आली.

व्यंकटची ही एकुलती एक मुलगी. तिचं सासर हिमायतनगरचं, नवरा अंगद तिथे शाळेत शिक्षक. पहिलं बाळंतपण, म्हणून तीन महिने माहेरी राहायचं असं आधीच ठरलेलं. मुलगी झाली. तांबूस, इवलीशी, मुठी आवळून झोपणारी. झोपणारी म्हणजे झोपायला बघणारी. टीव्हीवर कुणी जोरात बोललं की ती दोन्ही हात फेकून दचकायची आणि मग तासभर रडायची. व्यंकट धावत येऊन आवाज कमी करायचा, थोड्या वेळाने त्याचाच हात पुन्हा आवाज वाढवून ठेवायचा.

बारसं झाल्यावर चौथ्या दिवशी करिश्मा त्याच्यापुढे बसली. तिचे डोळे जागरणाने सुजले होते.

"आबा, मी भांडायला न्हाई आले. पर लेकरू झोपंना. ह्यांना सव्वा महिन्याला या म्हणून सांगितलंय. तवर टीव्ही बंद झाला तर मी राहते. न्हाई तर त्यांच्यासंगं जाते."

"तीन महिने ठरलंय की बाई."

"ठरलंय. पर तुम्हीच बघा आता."

व्यंकटने त्याच दुपारी टीव्ही बंद केला. भिंतीवर मिलचं घड्याळ होतं, त्यात बघून बसला. आठ मिनिटं. आठव्या मिनिटाला त्याच्या कपाळावर घाम आला, छातीत धडधडायला लागलं, आणि तो चप्पल न घालता रस्त्यावर जाऊन रिक्षाच्या रांगेजवळ उभा राहिला. तिथे एक रिक्षावाला इंजिन चालू ठेवून गिऱ्हाईक बोलावत होता. व्यंकटला त्याचे उपकार वाटले.

*

लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. मग समोर कागद ठेवून सांगितलं, "नस झिजली आहे. डाव्या बाजूची जास्त. आवाज औषधाने जाणार नाही. पण त्याची भीती कमी करता येते. एकदम शांत खोलीत एकटे बसू नका, आणि मोठा आवाज लावून त्याला दाबूही नका. ध्यान करा. कुणी समोर बसून करून घेत असेल, चार माणसं बरोबर असतील, तर जास्त चांगलं."

एसटीत परत येताना व्यंकट राजकन्येला म्हणाला, "मला काही समजलं न्हाई. शांत बसू नका म्हनला, आन् ध्यान करा म्हनला. ध्यान म्हणजे शांतच की?"

"शिकलेला माणूस हाय तो. काही तरी असंल."

"पायात काटा हाय म्हणून गेलो, तर पळून बघा म्हनला."

जावई अंगदने फोनवर एक ध्यान पाठवलं. व्यंकटने ते माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, बसून लावलं. बासरी वाजली, मग एक मऊ आवाज म्हणाला, "आता तुम्ही एका निळ्या सरोवराच्या काठी आहात. सर्वत्र नीरव शांतता आहे."

व्यंकटच्या सरोवरात रोल फिरत होता.

"आवो, आन् हे कानातलं?" त्याने न राहवून फोनला विचारलं.

"अतिशय छान," फोन म्हणाला. "असेच राहा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सरोवर, पुन्हा तेच छान. तिसऱ्या दिवशी त्याने फोन राजकन्येकडे दिला. "ह्या बाबाला माझं काही ऐकूच येत न्हाई. माझ्यापेक्षा त्याचेच कान गेलेत."

पिठाच्या गिरणीत राजकन्येला कुणीतरी सांगितलं की गंगासागर मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला दयानंद सर ध्यान घेतात. वीस-पंचवीस माणसं बसतात. कुणी काही घेत नाही, कुणी काही देत नाही. व्यंकट गेला तो जाणं भाग होतं म्हणून. सव्वा महिना व्हायला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

हॉलला आदल्या दिवशीच्या लग्नाचा वास होता, बुंदीचा आणि धुतलेल्या फरशीचा. भिंतीवर थर्मोकोलची अक्षरं अजून होती, त्यातलं नवरीचं नाव अर्धं पडलेलं. एका कोपऱ्यात लाल खुर्च्यांची चळत. दयानंद सर शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती; त्यांच्या तोंडची शिट्टी तेवढी सुटली होती, बाकी सगळं तसंच होतं.

"पाठ सरळ! मान सैल! जबडा सोडा! बसम्माबाई, गुडघा दुखत असेल तर खुर्ची घ्या, इथे शूरपणाची स्पर्धा नाही!"

मग आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "डोळे मिटा. आता सगळ्यात लांबचा आवाज ऐका. लांबचा. तो सापडला की त्याच्यापेक्षा जवळचा. मग ह्या हॉलमधला. मग शेजारच्या माणसाचा. मग स्वतःच्या आतला. घाई नाही. जो आवाज येईल त्याला येऊ द्या."

ते अनवाणी रांगांमधून फिरत होते. कुणाचे खांदे कानापर्यंत चढले की बोटांनी दाबून खाली करत होते. व्यंकटच्या खांद्यालाही त्यांनी बोट लावलं. "आवळू नका," हळूच म्हणाले, "कुणी मारत नाही."

लांब रेल्वेची शिट्टी वाजली. त्याच्या अलीकडे कुणाची तरी बादली. हॉलमध्ये पंखा. शेजारी एका म्हाताऱ्याचा श्वास. आणि मग आतला आवाज, अर्थातच, घूंऽऽ. व्यंकट दचकला, उठावंसं वाटलं. पण वीस माणसं मांडी घालून बसलेली, मधून उठायचं कसं? तो बसून राहिला. सरांनी टाळी वाजवली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

आठाची चाळीस कशी झाली, हे त्याला कळलं नाही. तो घड्याळाकडे दोनदा बघून आला.

*

खरा गोंधळ त्यानंतर चहाच्या वेळी झाला. सर किल्ल्या द्यायला कार्यालयाच्या मालकाकडे गेले होते. थर्मासमधला चहा ओतत माणसं आपापलं सांगत होती. कुणाला प्रकाश दिसला होता, कुणाला हलकं वाटलं होतं. शेजारी बसलेले म्हातारे गुरुलिंगअप्पा, कापडाचे जुने व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. लिंगायत रिवाजाप्रमाणे नमस्काराला हात जोडून ते म्हणाले, "शरणार्थी, पाहुणे! तुम्हाला काय ऐकू आलं आत?"

"मला? घूंऽऽ असं."

"थांबून थांबून?"

"न्हाई, सारखंच. श्वास घेताना बी, सोडताना बी."

गुरुलिंगअप्पांनी कप खाली ठेवला. "आज पहिल्यांदा?"

"कुठलं पहिल्यांदा, दोन वर्षं झाली. थांबतच न्हाई."

"कोणत्या कानात?"

"डाव्या."

हॉलमध्ये चहाचे घोट थांबले. "डावा म्हणजे शक्तीचा," गुरुलिंगअप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अखंड नाद." आणि व्यंकटला काही कळायच्या आत ते वाकले, त्याच्या पायांना हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. "एकोणीस वर्षं बसतोय मी. एक थेंब ऐकू आला नाही."

बसम्माबाई खुर्चीवरूनच हात जोडून म्हणाल्या, "अय्यो शिवा! आन् हे माणूस मागच्या रांगेत बसलंय!"

त्याच वेळी व्यंकटने सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण आयुष्यात त्याच्या पाया पडलेली माणसं म्हणजे दिवाळीला येणारे भाचे, तेही खाऊसाठी. आणि दुसरं म्हणजे, त्याला क्षणभर खरंच वाटलं, असेल का?

घरी येऊन त्याने राजकन्येला विचारलं, "देव डाव्या कानात येईल का गं?"

राजकन्या भाकरी थापत होती. "देव काय मिलमध्ये रोजंदारीला होता का सत्तावीस वर्षं?"

"गुरुलिंगअप्पा म्हणायलेत. पोथ्या वाचलेला माणूस हाय."

"आन् डॉक्टर काय म्हनला?"

"डॉक्टर म्हनला नस झिजली."

"मग?"

"मग तेच तर समजंना. एक म्हणतोय झिजलं, एक म्हणतोय उघडलं. दोघंबी शिकलेले."

राजकन्येने भाकरी उलटली. मग म्हणाली, "तरी बी टीव्ही लावताना जरा बारीक लावा. असलंच काही तर उगं पाप नको."

त्या दिवसापासून व्यंकटची अवस्था फार वाईट झाली. आधी निदान एक गोष्ट पक्की होती, की कानातला आवाज वैरी आहे. आता तेही पक्कं राहिलं नाही. आवाज देवाचा असेल तर त्याच्यावर बातम्या लावणं म्हणजे देवासमोर भोंगा वाजवणं. आजार असेल तर त्याला ऐकत बसणं म्हणजे गूळ देऊन मुंगळे बोलावणं. तो टीव्ही लावायचा, हात जोडायचा, आवाज कमी करायचा, घाम आला की वाढवायचा. करिश्मा आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. बाळ अजून दचकत होतं. अंगदचा फोन आला तेव्हा तिने त्याला गाडी कोणाची आणणार हे विचारलेलं व्यंकटने ऐकलं. नेमकं तेवढं बरोबर ऐकू आलं.

हॉलमध्ये मात्र त्याची बढती झाली. पहिल्या रांगेत जागा. एकाने केळी आणली. बसम्माबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "नातवाचं लग्न जमंना झालंय. पुन्यात नोकरी हाय, तरी पोरी नको म्हणायल्यात. उद्या बसताना जरा ऐकून बघता का, काय म्हणतंय ते?"

"बाई, ते तसं काही बोलत न्हाई हो. नुसतं घूं करतंय."

"मंग घूं म्हणजे हो का न्हाई?"



आणि या सगळ्यात एक गोष्ट त्याला सगळ्यात जास्त कोड्यात टाकत होती. हॉलमध्ये तो रोज चाळीस मिनिटं बसत होता. घाम येत नव्हता. घरी तीच सतरंजी, तीच मांडी, तेच लांबचा आवाज-जवळचा आवाज, स्वतःच स्वतःला सांगून बघितलं, आणि नवव्या मिनिटाला रस्त्यावर. घरी आणि तिथे फरक काय? पंखा दोन्हीकडे होता. कान तर तोच होता. की तिथे देव राजी असतो आणि घरी नसतो?

*

सव्वा महिना सोमवारी होत होता. आदल्या शनिवारी व्यंकट हॉलवर लवकर पोचला. गुरुलिंगअप्पा आधीच आले होते. अंधुक उजेडात एकटेच बसले होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते.

"काय झालं अप्पा?"

"काही नाही." मग उपरणं मांडीवर ठेवून म्हणाले, "व्यंकटराव, एक विचारू? लहानपणापासून रोज इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतो. एक दिवस चुकलो नाही. बायको गेली त्या दिवशीही बसलो. तुम्ही आलात, तुम्हाला न मागता मिळालं. म्हणजे माझ्यातच काही खोट असेल ना? काय असेल, तुम्हाला तरी दिसतं का?"

केळी, पहिली रांग, बसम्माबाईंचा नातू, हे सगळं त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण हे म्हातारं माणूस व्यंकटच्या झिजलेल्या नसेपायी स्वतःला खोटं समजत होतं.

लोक जमले. सर आले. "पाठ सरळ!" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच व्यंकट उभा राहिला.

"सर, मला एक सांगायचंय. माझ्या कानात देव न्हाई. मिल हाय."

"काय आहे?"

"डाळ मिल. रोलला सत्तावीस वर्षं कान लावला, ते आत घुसलंय. घरी टीव्ही बंद करून आठ मिनिटं बी बसवत न्हाई. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, नस गेली म्हणून. ह्या लोकांनी विचारलं तवा मला सांगता आलं न्हाई. मला बी वाटलं, असंल बी. आता बी मला नक्की कळंना. पर अप्पा रडायलेत, म्हणून सांगितलं."

त्याला वाटलं होतं, लोक हसतील किंवा रागावतील. पण खुर्चीवरून बसम्माबाई म्हणाल्या, "खरं बोलायचंच हाय तर मी बी सांगते. मला प्रकाश-बिकाश काही दिसत न्हाई. मला रोज गुडघाच दिसतो. सगळे म्हणायले म्हणून मी बी म्हनले."

मागून कुणीतरी म्हणालं, "मला झोप लागते."

"ते आम्हाला माहीत आहे, घोरता तुम्ही," सर म्हणाले, आणि हॉल हसला. गुरुलिंगअप्पा हसले नाहीत. ते या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. "म्हणजे कुणालाच काही नाही?" ते म्हणाले, आणि खांद्यावरचं ओझं कुणी न सांगता उतरवून घ्यावं तसा त्यांचा चेहरा झाला.

सरांनी सगळ्यांना बसायला लावलं. मग ते व्यंकटजवळ येऊन उकिडवे बसले. "व्यंकटराव, घरी आठ मिनिटं म्हणालात. इथे चाळीस कशी बसता?"

"तेच समजंना सर."

"बरं. डोळे मिटा. इथे काय काय ऐकता, तेवढं सांगा. विचार करू नका. मिलमध्ये सांगायचा तसं सांगा."

व्यंकटने डोळे मिटले. "पंख्याचं एक पातं वाकडं हाय, फेऱ्याला एकदा टक करतंय. बसम्माबाईंनी आत्ता उजवा पाय सोडून डाव्यावर भार घेतला. मागचे ते झोपायच्या बेतात हायेत. अप्पांचा श्वास..."

"काय माझा श्वास?"

"सोडताना शेवटाला अडकतोय, अप्पा. मशीनच्या पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना अडकतो तसा. सगळा बाहेर पडतच न्हाई. अर्धा धरूनच तुम्ही दुसरा घेता. रोज ऐकतोय मी."

गुरुलिंगअप्पांनी छातीवर हात ठेवला. एक श्वास सोडून बघितला. पुन्हा एक, जरा लांब. "एकोणीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"आणि रोल?" सरांनी विचारलं. "आत्ता बोलत होतात तेव्हा रोल कुठे होता?"

व्यंकट थांबला. शोधलं. "हाय की. चालूच हाय. पर..." त्याला पुढचं सापडेना. मिलमध्ये रोल ऐकायचा कोण? रोल तर सगळ्यांनाच ऐकू यायचा. तो ऐकायचा ती मागची करकर. पण हे देवाचं कसं आणि आजाराचं कसं, आणि याचं नाव ध्यान कसं, हे काही त्याला जोडता येईना.

"राहू द्या," सर म्हणाले. "सगळे डोळे मिटा. लांबचा आवाज."

जाताना गुरुलिंगअप्पा त्याच्याजवळ आले. "पाया पडलो होतो, ते आता परत घेऊ का?"

"घ्या अप्पा. माझ्या डोक्यावरचं वझं जाईल."

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "वापरलेला माल आम्ही परत घेत नाही."

आणि बसम्माबाई जिन्यावरून ओरडल्या, "मंग माझ्या नातवाचं काय?"

*

रविवारी दुपारी राजकन्या बाजारला गेली. करिश्मा बाळाला झोळीत घालून आत पडली होती. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली, फक्त वाळत घातलेली दुपटी तेवढी भरायची राहिली होती. व्यंकट झोळीची दोरी धरून बसला होता. टीव्ही चालू होता, बारीक.

आणि लाईट गेली.

टीव्ही गेला, पंखा गेला, फ्रीज एक आचका देऊन थांबला. सगळ्या गल्लीचे कूलर एकदम बंद पडले. घूंऽऽ लगेच पुढे आला. कपाळावर घाम आला. व्यंकट उठला, दारापर्यंत गेला, बॅगेला अडखळला, आणि मागे वळला. करिश्माला पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली होती. ह्या लेकराला एकटं टाकून रस्त्यावर कसं जायचं?

तो पुन्हा दोरी धरून बसला. लांबचा आवाज, त्याने सरांच्या आवाजात स्वतःला सांगितलं. लांब कुठे हातपंप चालला होता. जवळचा आवाज. झोळीच्या कडीची कुरकुर. त्याहून जवळ. तो वाकला. बाळाचा श्वास. आत जाताना एक बारीक, अगदी बारीक करकर. बाहेर येताना नाही. व्यंकटने डावा कान वळवला, मग चुकलं म्हणून उजवा, मग दोन्हींच्या मधे कुठेतरी. आत जाताना करकर. त्याने बाळाला हळूच उजव्या कुशीवर केलं. करकर गेली. डाव्या कुशीवर आणलं, आली. तो ऐकत राहिला. पुन्हा एकदा खात्री केली.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम लाईट आली, आणि जुन्या टीव्हीने भर आवाजात घसा फाडून बातमी सांगायला सुरुवात केली. लाईट जायच्या आधी बारीक केलेला आवाज टीव्ही विसरला होता. बाळ दचकायच्या आत व्यंकट झेप घेऊन टीव्हीपर्यंत पोचला आणि त्याने बटणच बंद केलं.

करिश्मा दारात उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

"आबा, तुम्ही बंद केला?"

"लई मोठ्यानं ओरडत होता."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "लाईट कधी गेली होती?"

"गेली होती जरा. बाई, लेकराचं नाक चोंदलंय एका बाजूनं. उजव्या कुशीवर घेतलं की मोकळं होतंय. म्हणूनच झोपंना ते, नुसत्या टीव्हीपायी न्हाई."

करिश्माने वाकून ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. मग तिने बाळाला उचलून अगदी कानाशी धरलं, आणि खरंय म्हणून मान हलवली.

संध्याकाळी तिने अंगदला फोन केला. व्यंकट अंगणात दुपटी काढत होता, त्याच्या कानावर तिचं अर्धंच बोलणं आलं. "तुम्ही या, बघून जा. गाडी नका आणू, एसटीनंच या."

व्यंकट दुपटी हातात घेऊन उभा राहिला. ही बॅगेत भरायची की कपाटात ठेवायची, हे त्याला कळेना. तिला विचारायचं धाडसही होईना. त्याने डावीकडे मान केली. रोल होता, फिरतच होता, कुठे गेला नव्हता. मग दुपारी तो कुठे होता? आणि होता तर आपण पळालो कसे नाही? त्याने बराच विचार केला आणि सोडून दिला. सकाळी सहाला हॉलमध्ये सरांना विचारता येईल. अप्पांनाही. बसम्माबाई तर न विचारताच सांगतील.

"आबा," आतून करिश्मा म्हणाली, "ते दुपटे वरच्या फळीवर ठेवा. रोज लागत्यात."